रोम ते तेर, व्हाया नळदुर्ग

अप्पा कुठेही गेले की आधी खांब हलवून बघत, नमस्कार नंतर. कुणाच्या ओसरीवर चढले की ओसरीचा खांब, बँकेत गेले की रांगेची दोरी अडकवलेला स्टीलचा दांडा, एसटीत बसले की डोक्यावरची कांब. एकदा एका मयतीला गेले आणि तिरडीचा बांबू हलवून बघितला. बांधणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "वाटंत सुटंल हे. मग रडायचं सोडून पळापळ हुईल." घरची माणसे चिडली, पण तिरडी गुपचूप सोडून पुन्हा बांधली गेली. एका जुन्या देवळात त्यांनी दगडी खांबाला मिठी मारून धक्का दिला तेव्हा पुजारी ओरडला, "अप्पा, आठशे वर्षांचा आहे तो!" अप्पा म्हणाले, "मग तर तपासायलाच पायजे."

"हलवून बघितल्याबिगर कशावर बी इस्वास ठिवू नये," हे त्यांचे तत्त्वज्ञान. ते त्यांनी माणसांनाही लावले. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी नळदुर्गला इतिहासाचा नवा मास्तर होतो. त्यांनी माझा दंड धरून मला हलवले आणि म्हणाले, "सर, जेवत न्हाईसा का?"

अप्पा नळदुर्गचे मंडपवाले. हायवेला लागून त्यांचे गोडाऊन, आणि त्या गोडाऊनमध्ये शे-दोनशे लग्नं घडी घालून ठेवलेली: झालरी, पडदे, नवरा-नवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या, फायबरचे खांब. माणूस ठेंगणा, रुंद, आणि आवाज असा की माईक तपासायला त्यांना माईक लागत नसे. रागावले की कन्नड, लाडात आले की कन्नड. मधल्या कोरड्या कामापुरती मराठी. जात्याच लिंगायत, गळ्यात लिंग. त्याला हात लावून ते म्हणत, "आपला देव हितं हाय. बाकी समदं डेकोरेशन." गावात कुठलाही उत्सव असो, कुठल्याही देवाचा असो, मंडप अप्पांचाच. त्यामुळे देवांकडे ते जरा मागच्या बाजूने बघत. जिथून बल्ल्या, म्हणजे मंडपाचे लाकडी वासे, दिसतात तिथून.

अशा माणसाला सिनेमा काढायची बुद्धी झाली, आणि ती माझ्यामुळे झाली, हे मी आता मोकळेपणाने कबूल करतो.

तेरला एका कार्यक्रमाचा मंडप त्यांनी घातला होता आणि मी पोरांची सहल घेऊन तिथेच होतो. म्युझियममध्ये मी त्यांना सांगितले की हे तेर म्हणजे जुने तगर. रोमशी इथला व्यापार चाले. तिकडून दारूचे रांजण यायचे, इकडून कापड जायचे. मी रंगात आलो की दीड तास थांबत नाही. अप्पांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला.

"म्हंजी रोमची माणसं आपल्या जिल्ह्यात येऊन गेली?"

"हो अप्पा."

"मंडप कुणी घातला?"

परतीच्या वाटेवर ते गप्प होते. अप्पा गप्प म्हणजे काहीतरी कोसळणार हे मला तेव्हा कळत नव्हते. नळदुर्गला उतरल्यावर त्यांनी मला थेट गोडाऊनला नेले, शटर वर केले आणि आत बोट दाखवले. भिंतीला टेकून फायबरचे सोळा पांढरे खांब उभे होते, वर नक्षीदार बोंडं असलेले. लग्नाच्या स्टेजला हल्ली सर्रास लावतात ते. मी आयुष्यभर पुस्तकात रोम शोधला आणि तो इथे, प्लास्टिकच्या फुलांच्या पोत्यांशेजारी उभा होता.

"सर," अप्पा म्हणाले, "रोम हितंच पडलंय. नुसतं उभं करायचं."

चित्रपटाचे नाव ठरले 'रोम ते तेर'. एसटीची पाटी वाटते म्हणून मी विरोध केला. "मग बरंच हाय," ते म्हणाले, "लोकाला सवय हाय. पाटी बघून चढतील."

कथा त्यांनी मला गोडाऊनमध्ये, गाद्यांच्या ढिगावर बसून सांगितली. ती जशीच्या तशी देतो, कारण पटकथा म्हणून शेवटपर्यंत एवढीच होती. "रोममधी एक खलाशी हाय, मारकुस. येशूच्या नादाला लागलाय. येशूला जाऊन लई दिस झाले न्हाईत, म्हंजी पंथ नवा, मंडप ल्हान. जुने देव चिडल्यात. समुद्राचा देव त्येचं गलबत बुडवाया बघतो. इजेचा देव, जुपितर, तो तर लई बेरकी. दारूच्या रांजणात बसून मारकुसच्या आधीच तेरला येतो आन तितं ठाण मांडतो. रोज बकरं मागतो. मग मारकुस येतो. भांडत न्हाय, शाप देत न्हाय, नुसती लोकाची कामं करतो. आन शेवटाला जुपितर धाडदिशी कोसळतो. साकु."

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. पुढे शूटिंगमध्येही ते 'कट' म्हणत नसत, 'साकु' म्हणत.

मी विचारले, "अप्पा, तेरच्या गोष्टीत तेरचा एकही देव नाही?"

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन बघितले. "सर, तुमी शिकलेले हायसा. आपल्या देवाला कशाला हात लावायचा? आपल्या देवाचे नातेवाईक लई. कुणाची टोपी जरा वाकडी दिसली की मोर्चा. रोमच्या देवाला हाय का कोण? सोलापूर ते हैदराबाद एक तरी पावणा दावा. मुद्दाम बिगरवारसाचा देव घेतलाय."

एवढा चतुर विचार मी कुठल्याही दिग्दर्शकाकडून ऐकलेला नाही. तो पुढे कसा उलटला ते सांगायलाच मी बसलो आहे.

दिवाळी आणि तुळशीचे लग्न यांच्या मधल्या दिवसांत शूटिंग बसवले. कारण तुळशीचे लग्न लागले की माणसांची सुरू होतात. मग खांब जाणार, कापड जाणार, बल्ल्या बांधणारी पोरं जाणार आणि रोम तालुकाभर विखुरणार. किल्ला मागे दिसेल असा हायवेजवळचा एक माळ धरला. किल्ल्याची परवानगी काढू या का, असे मी विचारले. "परवानगी पुढच्याला लागती. मागं दिसनाऱ्याला कशाला?" ते म्हणाले. मंडपाच्या पांढऱ्या अस्तरातून रोमन झगे कापले, त्यांना झालरीची जांभळी किनार लावली. बल्ल्या बांधणारे आठ जण रोमन सैन्य झाले. ढाब्यावरची ॲल्युमिनियमची पातेली शिरस्त्राणे झाली; जेवणाच्या वेळी ती परत द्यावी लागत, त्यामुळे रोमन सैन्य दुपारी बोडके असे.

कॅमेरा बशीरचा. बशीर लग्नाच्या शूटिंगमधला मुरलेला माणूस. त्याचे एकच वैगुण्य होते: कुठल्याही प्रसंगात त्याचा कॅमेरा आधी गळ्यातल्या दागिन्यांवर जाई. मारकुसला फटके मारण्याच्या दृश्यात त्याने चाबूक सोडून सैनिकाची चांदीची साखळी टिपली. आणि प्रत्येक शॉटनंतर त्याचे ठरलेले, "एक और लेतूं ना, अप्पा?"

"नक्को," अप्पा त्याच्याच भाषेत ओरडत. "लग्नात नवरी दोनदा रडत न्हाय."

तगरच्या रोमन गव्हर्नरचे काम आमच्या माजी उपसभापतींनी केले. रोमचा गव्हर्नर तगरला कधीच नव्हता, असे मी इतिहासाचा मास्तर म्हणून नोंदवले. अप्पा म्हणाले, "सर, उपसभापती हायेत म्हटल्यावर गव्हर्नर असनारच." उपसभापतींनी पहिल्याच दिवशी सैन्यासमोर वीस मिनिटांचे भाषण केले, त्यात रोमच्या साम्राज्यात झालेल्या रस्त्यांच्या कामांचा आढावा होता. बशीरने एकही शब्द न गमावता घेतले. बोटांत अंगठ्या होत्या ना.

आणि मारकुस? मारकुस मी. तेव्हा मी किडकिडीत होतो, दाढी होती, आणि नोकरी नवी म्हणून चेहऱ्यावर एक कायमचा हुतात्मा भाव होता. पण एक घोळ होता. माझ्या वाट्याला सबंध चित्रपटात एकही वाक्य नव्हते. मी नुसते गलबताचे दोर बांधायचे, रांजणांची तोंडे बांधायची, कुणाचा गोठा बांधून द्यायचा, कुणाची मोडकी खाट. वर्गात तास संपल्यावरही बोलत राहणाऱ्या माणसाला त्यांनी दहा दिवस मुका केला होता. एका दुपारी भाकरी खाताना माझा संयम सुटला.

"अप्पा, संत आहे तो. काहीतरी उपदेश तरी करू द्या."

"त्याला मराठी येत नव्हतं," अप्पा म्हणाले.

"कुणाला? मारकुसला?"

अप्पांनी कांदा फोडला, मीठ लावले आणि खाली बघतच सांगितले. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या साली ते विशीतले होते. घरचे सगळे तंबू-मंडप घेऊन बैलगाडीसारखा चालणारा एक जुना टेम्पो त्यांनी सास्तूरला नेला. घरे आडवी झालेली, आणि लोकांना उभे म्हणून काही हवे होते. वारा सुटला की अप्पांचे तंबू पडत. पोरसवदा हात, गाठी सुटत. तिथे एक गोरा पाद्री आला होता, दाढीवाला. मराठी नाही, कन्नड नाही, हिंदी नाही. तो दिवसभर नुसती कामे करी. पाणी वाही, जखमा पुशी. एका वाऱ्यात तंबू पडायला लागला, आत बाया-पोरे, तेव्हा त्याने एका बाजूने बल्ली धरली आणि दुसऱ्या बाजूने अप्पांनी. वारा थांबल्यावर त्याने अप्पांची गाठ सोडली आणि स्वतःची बांधली. मग ती सोडून अप्पांच्या हातात दोर दिला. चुकले की मान हलवी. तिसऱ्या वेळी जमली तेव्हा त्याने खांब गदागदा हलवून बघितला आणि हसला.

"मग?"

"मग काय? दुसऱ्या गावाला गेला. नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं." अप्पांनी कांदा संपवला. "तवापासनं माझा एक बी मंडप पडलेला न्हाय. मानसाला कुठंतरी सांगाया नको का, बाबा, पोचलं म्हणून? पत्ता न्हाय. म्हटलं, शिनेमा काढावा. शिनेमा कुठं बी जातो."

मग त्यांनी हात झटकले. "आता तुमी त्याला बोलाया लावताय. गप गाठी बांधा."

त्या दिवसापासून मी जरा बरा अभिनय केला, असे बशीरचे मत आहे.

आता जुपितर. बारा फुटी मूर्ती, बांबूच्या सांगाड्यावर प्लास्टर. घडवणारा नागनाथ, गणपती करण्यात हयात गेलेला. त्याला मी पुस्तकातले चित्र दाखवले. त्याने मान डोलावली आणि हातांनी सवयीचे केले. दाढी रोमची, पण पोट आपल्या माहितीचे. एका हातात वीज, आणि दुसरा हात चक्क आशीर्वादाला उचललेला. "नागनाथ, हा दुष्ट आहे!" मी म्हणालो. "आसंल," तो म्हणाला, "पर हात रिकामा कसा ठिवायचा?" शेवटी त्याने डोळे रंगवले, खाली उतरला आणि मूर्तीला हात जोडले. डोळे दिले की तो जोडतोच.

मूर्ती कोसळायची होती. म्हणून ती पुढे झुकलेली ठेवून मागच्या एका बल्लीला दोराने अडकवली होती. ती एक गाठ सैल ठेवायची, शेवटच्या शॉटला ओढायची, की जुपितर तोंडावर. "जल्मात पैल्यांदा पडायसाठी कायतरी उभं करतोय," अप्पा म्हणत आणि बेचैन होत. संध्याकाळी त्यांनी मूर्तीला धरून हलवून बघितले. ती हलली. झाले! ज्या माणसाने परक्याची तिरडी सैल राहू दिली नाही, तो बारा फुटी देव कसा सैल ठेवेल? वर चढून त्यांनी सैल गाठ सोडली आणि आपली पक्की बांधली. खाली येऊन मला म्हणाले, "असू द्या. शेवटाला इळ्यानं कापू."

दुसरा दिवस मंगळवार. सकाळी आम्ही सगळे चहाला ढाब्यावर होतो. माळावर सखूबाई नावाची म्हातारी शेरडं चारायची. ती मूर्तीच्या सावलीत तिच्या सहा शेरडांसह टेकली होती. हायवेवरून लोखंडाने भरलेला एक ट्रक आला, त्याचे ब्रेक गेले होते, आणि ड्रायव्हरने शहाणपणाने गाडी माळाच्या चढावर घातली. ट्रक चढला, मंदावला आणि मूर्तीच्या चौथऱ्याला मागून धडकला. आम्ही ढाब्यावरून बघत होतो. जुपितर पुढे गेला. सखूबाईवर ओणवा झाला. दोर ताणला, बल्ली करकरली. आणि जुपितर तिथेच थांबला, आशीर्वादाचा हात सखूबाईच्या डोक्यावर वीतभर अंतरावर. मग सावकाश मागे आला.

आम्ही पोहोचलो तोवर सखूबाईने पदर सावरून मूर्तीला लोटांगण घातले होते. तासाभरात ड्रायव्हरने ढाब्यावरून नारळ आणून फोडला. दुपारी कुंकू आले. संध्याकाळी वाडीवरच्या बाया भाकरी-ठेचा घेऊन आल्या. देव परगावचा आहे, त्याला काय चालते ठाऊक नाही, म्हणून वर थोडा गूळही. बुधवारी ट्रकवाले हॉर्न वाजवून हात जोडू लागले. देवाचे नावही ठरले: दाढीदेव.

अप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "आरं बाबांनो, गाठ माझी हाय ती! सोमवारी मीच बांधली!" लोक कौतुकाने ऐकत आणि एकमेकांना म्हणत, "बघा, देवानं अप्पाला बुद्धी दिली. आदल्या दिवशीच!"

शेवटचा शॉट तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी होता. उद्यापासून रोम भाड्याने जाणार. एकच मूर्ती, एकच दिवस. सकाळी पाहतो तर माळावर दोनशे माणसे. मला वाटले गर्दीच्या दृश्याला फुकटात आली. पुढे उपसभापती, अंगात रोमन झगा, कपाळाला दाढीदेवाचे कुंकू.

"अप्पा, मूर्ती पाडता येनार न्हाय. भावना दुखावतील."

"कुनाच्या? रोमच्या?"

"आमच्या."

"तुमच्या? कवापासनं?"

"मंगळवारपासनं," उपसभापती गंभीरपणे म्हणाले.

अप्पांनी आमच्याकडे बघितले. सैन्याने पातेली काढून हातात धरली. एकजण म्हणाला, "अप्पा, पोरीचं लग्न ठरलंय, ह्या भानगडीत नको." नागनाथ म्हणाला, "डोळं दिल्यावर म्या हात लावत न्हाय." मग अप्पा माझ्याकडे वळले. मी वर्गात पोरांना सांगत असे की निसर्गात चमत्कार घडत नाहीत. आजही सांगतो. पण आठच दिवसांपूर्वी मी नवी मोटारसायकल घेतली होती आणि तिचेही ब्रेक ट्रकसारखेच माणसाने केलेले होते. मी पोटात दुखत असल्याचे सांगितले. वाक्य नसलेल्या भूमिकेतले ते माझे एकमेव वाक्य.

"बशीर, कॅमेरा चालू कर," अप्पा म्हणाले. त्यांनी विळा घेतला. चौथऱ्यापाशी गेले, चपला काढल्या आणि मागच्या बल्लीवर चढले. सखूबाई खालून म्हणाली, "अप्पा, देवानं वाचवलं का तुमच्या गाठीनं, म्या अडाणी, मला ठावं न्हाय. पर वाचले की." अप्पांनी बल्ली हलवून बघितली. गाठीवर विळा ठेवला. किती वेळ ठेवला ते बशीरच्या चित्रणात मोजता येते. मी कधी मोजलेला नाही. मग विळा कमरेला खोवला.

"साकु," ते म्हणाले आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी खांब लग्नाला गेले. 'रोम ते तेर' शेवटाविना तसाच बशीरच्या डब्यात राहिला.

नंतरची कैक वर्षे मी त्यांना यावरून छळले. "अप्पा, डेकोरेशन म्हणता आणि चपला काढून चढता!" चारचौघांत मी त्यांची नक्कल करायचो: चपला काढणे, गाठीवर टेकवलेला विळा, भक्तिभावाने मिटलेले डोळे. (डोळे मी पदरचे घातले होते.) लोक पोट धरून हसत. अप्पाही हसत. "व्हय सर, भ्यालो," एवढेच म्हणत आणि माझा दंड हलवत. दाढीदेवावर पत्र्याची शेड आली, घंटा आली, समिती आली. अध्यक्ष अर्थातच उपसभापती. शेडच्या बल्ल्या बांधायला बोलावले ते अप्पांनाच. ते गेले, आणि मूर्तीमागचा जुना दोर तेवढा बदलून आले.

गेल्या वर्षी अप्पा गेले. चार दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा सलाईनचा स्टँड हलवून बघत होते. "हे बघा," मला म्हणाले, "ह्याच्या भरवशावर मानसं जगवत्यात."

त्यांच्यात मयताला बसवून नेतात. पोरांनी बैठक बांधली तेव्हा गोडाऊनमधले चार उत्तम खांब लावले, नक्षीदार बोंडांचे, आणि मध्ये नवरदेवाची खुर्ची. त्यात अप्पा ताठ बसलेले. नळदुर्गच्या रस्त्यावरून असा बादशहा ना आधी गेला असेल ना पुढे जाईल. बशीर कॅमेरा घेऊन पुढे चालत होता, उलट्या पावलांनी, वरातीत चालतो तसा. त्याला कुणी सांगितले नव्हते.

वाट माळावरूनच जाते. दाढीदेवापुढून काहीही न्यायचे तर थांबून नारळ फोडायचा, असा समितीचा नियम आहे. उपसभापतींनी हात वर केला. बैठक खाली ठेवली. "अप्पांवर देवाचा फार लोभ," उपसभापतींनी सुरुवात केली. "त्या दिवशी अप्पा विळा घेऊन चढले, पण देवापुढं त्यांनी चपला काढल्या आणि..."

गंगाक्का, अप्पांची बायको, गर्दीतून पुढे आल्या. आयुष्यभर त्या माणसाच्या आवाजाखाली त्यांचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

"बल्लीवर चढताना कंदी चप्पल घातली व्हती त्यांनी?" त्या म्हणाल्या.

दहा दिवस मी त्या माणसाला बल्ल्यांवर चढताना बघितले होते. प्रत्येक वेळी अनवाणी.

"देवाला भेतील व्हय ते? गाठ कापवली न्हाय त्यांच्यानं. सास्तूरच्या बाबानं दिल्याली." मग त्या माझ्याकडे वळल्या. राग नव्हता, त्यामुळे जास्त लागले. "सर, तुमाला तर सांगितलं व्हतं की त्यांनी."

सांगितले होते. भाकरी खाताना, कांदा फोडून. मी ऐकले, त्यावर अभिनय सुधारला, आणि विसरलो. नक्कल करायला चपला जास्त सोयीच्या होत्या.

गंगाक्का शेडमध्ये गेल्या, देवाच्या मागच्या बाजूला, जिथून अप्पा देव बघत. त्यांनी मागची बल्ली दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. घंटा वाजली, पत्रा वाजला. दाढीदेव आपला हात उचलून होता तसा उभा. एक गाठ, आणि ती जागची हलली नाही.

"पक्की हाय," त्या म्हणाल्या. "उचला."

पोरांनी बैठक उचलली. नारळ उपसभापतींच्या हातातच राहिला. बशीर डोळ्याला कॅमेरा लावून मूर्तीसमोर थांबला होता. चार रोमन खांब त्याच्यासमोरून पुढे गेले, किल्ला मागे होता, आणि त्या वेळी रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. मी सवयीने वाट बघितली, आता म्हणेल 'एक और'.

बशीरने कॅमेरा खाली घेतला आणि झाकण लावले.

"साकु, सर," तो म्हणाला.